मुदतीचा ताप आणि कामठीचं गुपचुप

बऱ्याच दिवसांनी टंकायला बसलोय. दिवाळीनंतर एकही वीकांत मोकळा मिळाला नाही आणि या वेळी त्याचं कारण ऑफिस नव्हतं. कारण होतं आमच्या कन्येचा टायफॉइड.

दिवाळीला दरवर्षीप्रमाणे कामठीला गेलो होतो. कामठी म्हणजे नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचं, कन्हान नदीच्या काठचं आमचं छावणीचं गाव. माझं शाळेपर्यंतचं सगळं आयुष्य तिथलं. गावी गेलं की एका संध्याकाळी ठेल्यावर जाऊन गुपचुप खायचं, हा आमच्या घरचा जवळजवळ कुळाचार आहे. (पुण्यामुंबईच्या मंडळींसाठी: गुपचुप म्हणजे तुमची पाणीपुरी. थोडा फरक आहे, पण त्यावर वेगळा लेख होईल.) ठेलेवाला जुना, मी सहावी-सातवीत असल्यापासूनचा. तेव्हा तो स्वतःच जेमतेम विशीतला असेल. कन्येने आयुष्यातलं पहिलं गुपचुप त्याच्याच हातचं खाल्लं, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं आणि मग आणखी दोन मागितली.

पुण्याला परतलो आणि गुपचुप खाल्ल्यापासून बाराव्या दिवशी ताप. आधी व्हायरल असेल म्हणून पॅरासिटामॉल. पाचव्या दिवशीही ताप १०३ च्या खाली येईना, तेव्हा डॉक्टरांनी रक्त कल्चरला पाठवलं. रिपोर्ट आला: साल्मोनेला टायफी.

तो फोनवर सांगताच आई म्हणाली, "मी म्हणून राहिली होती ना, त्या ठेल्यावर नको नेऊ पोरीला म्हणून!" बाबा मागून म्हणाले, "उद्याच नगरपरिषदेत अर्ज देतो. बंद करतो त्याचा धंदा." बायको काहीच बोलली नाही, जे अर्थातच जास्त वाईट.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की ज्याने सगळ्यात शेवटी कोड टाकला त्याची मानगूट धरायची ही आमच्याकडची जुनी रीत. बरेचदा तो बिचारा निर्दोष निघतो, बग दोन वर्षांपूर्वीचा असतो. टायफॉइडचा जंतू पोटात गेल्यापासून ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे बारावा दिवस ठेल्याकडे बोट दाखवतो खरा, पण त्या तीन आठवड्यांत लग्नघरचा मठ्ठा होता, रेल्वेत घेतलेली चिरलेली काकडी होती आणि आमच्याच घराच्या गच्चीवरची टाकी होती, जी शेवटची कधी धुतली ते बाबांनाही आठवत नव्हतं. तरी सगळ्यांच्या तोंडी नाव एकाचंच. असं का, म्हणून मी रात्री-रात्री जागून वाचत बसलो (तसंही तापाच्या घरात झोप कोणाला येते). वाचता वाचता लक्षात आलं की ठेलेवाल्याची मानगूट धरायची ही रीत आमच्या गावाइतकीच जुनी आहे.

कामठीची छावणी १८२१ सालची. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीला भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, भोसले हरले, आणि इंग्रजांची तैनाती फौज नागपूरच्या उशाशी कायमची बसली. तिच्यासाठी कन्हानच्या काठची ही जागा. फौज मद्रासकडची, म्हणून कामठीत आजही मुदलियार घरं भेटतात. फौज आली की मागून बाजार येतोच: वाणी, खाटीक, दूधवाले, हलवाई. पुढे उत्तरेकडून मोमीन विणकर आले. गाव असं पलटणीच्या पोटाभोवती वाढलं.

पण त्याच १८१७ च्या नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट घडली, जी शाळेच्या पुस्तकात आम्हाला नव्हती. पेंढाऱ्यांच्या मोहिमेवर निघालेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या फौजेत बुंदेलखंडात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरला आणि माणसं पटापट मेली. तो फौजांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर खाली उतरत १८१८ साली नागपुरात आला आणि पुढे दख्खनमार्गे त्याच वर्षी मुंबईला पोचला. म्हणजे छावणीची आखणी झाली तेव्हा पटकीची आठवण अगदी ताजी होती. लोकांनी आपल्या परीने उपाय केले. मरीआईला नैवेद्य दाखवला. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तिच्याबरोबर रोगराई गावाबाहेर नेऊन जाळायची प्रथा आजही आहे. साहेबाने त्याच्या परीने उपाय केले. त्याची मारबत म्हणजे बाजार. :-)

हे थट्टेने म्हणतोय, पण कागद पाहिले तर फारसं चूक नाही. १८५७ नंतर गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवली आणि ते गोळीपेक्षा रोगानेच जास्त मरताहेत हे विलायतेत डोळ्यांवर आलं. १८५९ साली रॉयल कमिशन नेमलं, १८६३ साली अहवाल आला. भारतातल्या गोऱ्या फौजेचा मृत्युदर त्यात निघाला वर्षाला दर हजारी ६९. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यामागची मोठी शक्ती. ती भारतात एकदाही आली नाही, पण छावण्या-छावण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवून तिने उत्तरं मागवली: पाणी कुठून येतं, मोरी कुठे जाते, बराकीत माणसामागे जागा किती. (क्लायंटला न भेटता रिक्वायरमेंट गोळा करायची हातोटी तिच्याकडून शिकावी.) आणि बाईंनी बोट ठेवलं ते नेमकं पाण्यावर आणि सांडपाण्यावर.

अंमलबजावणी झाली ती मात्र वेगळीच. १८६४ चा छावणी कायदा आला. पलटणीच्या अवतीभवतीच्या बाजारावर लष्करी अधिकाऱ्याचा वचक बसला: दुकानं तपासायची, सडकं मांस-फळं फेकायची, शिपायांना बाजारातलं काय घेऊ द्यायचं ते ठरवायचं, बाजारबसव्यांची नोंदणी आणि तपासणी करायची. सोपं होतं ते. बाजार समोर दिसतो, हलवाई पळून जात नाही. मोरी बांधायची आणि सगळ्या गावाला शुद्ध पाणी द्यायचं तर पैसा लागतो, तोही नेटिवांवर खर्च करायचा. मग पुढची युक्ती निघाली: शिपायाला बाजारापासूनच तोडा. त्याचं सोडावॉटर पलटणीच्या देखरेखीखाली बनू लागलं. १८८९ साली अलाहाबादला पहिलं लष्करी दुग्धालय निघालं, शिपायाला दूध-लोणी स्वच्छ मिळावं म्हणून. बाजारातली पोरं कुठलं दूध पितात हा प्रश्न त्या फायलीत नव्हता.

गंमत म्हणजे विज्ञान तोवर पुढे गेलं होतं. जॉन स्नोने १८५४ सालीच लंडनमध्ये पटकी पाण्यातून पसरते हे दाखवलं होतं. १८८४ साली रॉबर्ट कॉखला कलकत्त्याच्या तलावात पटकीचा जंतू सापडला. आणि भारत सरकारचा सॅनिटरी कमिशनर कनिंगहॅम? त्याला ते मान्यच नव्हतं. हवा, जमीन, ऋतू यांचा दोष, असं तो म्हणत राहिला. पटकी पाण्यातून पसरते हे मान्य केलं असतं तर जहाजांवर क्वारंटाइन आलं असतं आणि व्यापाराला फटका बसला असता, हेही त्यात होतंच. १८९० च्या दशकात हँकिन नावाच्या आग्र्याच्या एका साहेबाने विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकायचा साधा उपाय पुढे आणला. माझी आजी ज्याला 'लाल औषध' म्हणायची ते हेच. विहीर लाल दिसली की दोन दिवस पाणी दुसरीकडून आणायचं, असं ती सांगायची.

आपल्या नागपूरचंही एक नाव यात आहे. १९५८ साली तिथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली, तीच १९७४ पासून 'नीरी'. आज नीरी म्हटलं की प्रदूषण आठवतं, पण तिच्या जुन्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मडक्यात मडकं. एक किलो ब्लीचिंग पावडर, दोन किलो जाडी वाळू, दोन मडक्यांना ठरावीक जागी भोकं, आणि ते विहिरीत पाण्याखाली दोरीने सोडायचं. घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू मिळत राहतं. ना वीज, ना ऑपरेटर. इतकं सुंदर डिझाइन मी माझ्या नोकरीत क्वचित पाहिलंय. असो, फार वाहवलो.

मूळ मुद्दा टायफॉइडचा. साल्मोनेला टायफी हा जंतू फक्त माणसात राहतो. गाय, कोंबडी, उंदीर, कुणात नाही. तेव्हा टायफॉइड झाला याचा अर्थ एकच: कुणातरी माणसाची विष्ठा, किती का थोडी असेना, आपल्या तोंडात गेली. ऐकायला किळसवाणं आहे पण वाक्य सोपं आहे. ती पाण्यातून जाते, हातातून जाते, नाल्याच्या पाण्यावर वाढवलेल्या कोथिंबिरीतून जाते. काही माणसं बरी झाल्यावरही पित्ताशयात जंतू बाळगून असतात, त्यांना स्वतःला काहीच होत नाही. अमेरिकेतली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण त्यातलीच. १९०७ साली न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी तिला पकडलं, मग सोडलं, १९१५ साली पुन्हा पकडलं आणि १९३८ साली मरेपर्यंत एका बेटावर ठेवलं. तिच्यासारखे आणखी वाहक शहरात सापडले होते, पण जन्मभर कोंडलं ते तिला. तिच्याकडून लागण झाली हे खरंच होतं. पण तिच्यासाठी दुसरं काम, दुसरी रोजी शोधायची तसदी कुणी फारशी घेतली नाही. मला हे वाचताना सारखा आमचा ठेलेवाला आठवत होता. तो वाहक असेलही! मी त्याला निर्दोष म्हणत नाहीये, मला माहीत नाही एवढंच म्हणतोय.

आता गुपचुपचं पाणी घ्या. चिंच आणि लिंबू असल्यामुळे ते चांगलंच आंबट असतं. पटकीच्या जंतूला आंबट अजिबात सोसत नाही, साल्मोनेला जरा चिवट. म्हणजे पाणी दिसतं तेवढं दुष्ट नाही. पण पुदिना-कोथिंबीर कच्ची वाटलेली, बर्फ कुठला ते देव जाणे, उकडलेला बटाटा दुपारपासून उघड्यावर कोमट, आणि बुडणारा हात तोच जो नोटा घेतो. अनुकूल तापमानात ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. दुपारी चार ते रात्री नऊ, गणित तुम्हीच करा. आमच्या शेजारच्या अमरावतीत, तिथल्या विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी ठेल्यांवरच्या पाणीपुरीचे नमुने तपासून २०११ साली निबंध छापला होता. ई-कोलाय सापडला, स्टॅफिलोकोकस सापडला. पहिला आला की समजायचं मैला कुठेतरी शिरलाय. दुसरा माणसाच्या नाकात आणि कातडीवर राहतो. त्या मानाने आमचे नागपुरी तर्री पोहे सुरक्षित. तर्री उकळत असते, त्यात जंतू टिकत नाही, आपणच कसेबसे टिकतो.

इथपर्यंतचा इतिहास पाण्याचा. मला खरा धक्का दिला तो रिपोर्टच्या दुसऱ्या पानाने. तिथे औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. एस म्हणजे या औषधाने जंतू मरतो, आर म्हणजे मरत नाही. कन्येच्या रिपोर्टवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन: आर. नॅलिडिक्सिक ॲसिड: आर. सेफ्ट्रियाक्सोन आणि ॲझिथ्रोमायसिन: एस. आणि खाली, यादीच्या जवळजवळ तळाला, क्लोरॅम्फेनिकॉल: एस. कोट्रायमोक्साझोल: एस.

मी डॉक्टरांना विचारलं, ही जुनी औषधं चालतात आणि नवीन नाही, हे उलटं कसं? ते हसले. म्हणाले, "जंतूंची आठवण आहे ही. तुम्ही लोक जे खाता ते त्यांना पाठ होतं."

१९४८ पर्यंत टायफॉइडला औषधच नव्हतं. आपल्याकडे त्याला मुदतीचा ताप म्हणायचे, कारण तो आपली तीन-चार आठवड्यांची मुदत घेऊनच उतरायचा. दहातला एखादा, कधी दोघं, जायचे. १९४८ साली मलायात वुडवर्ड वगैरे डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल देऊन पाहिलं आणि ताप चार दिवसांत उतरला. रक्ताचा एक दुर्मिळ पण जीवघेणा दुष्परिणाम त्याला आहे, तरी दुसरा पर्यायच नव्हता. माझे काका १९६० च्या सुमारास त्यावरच वाचले, असं घरात सांगतात. तो काळच भारावलेला. मी रोज ज्या रस्त्याने जातो त्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९५५ पासून तिथे सरकारी पेनिसिलिन बनू लागलं. (पेनिसिलिन टायफॉइडला चालत नाही, पण उत्साह तोच.) त्याच्या दहा वर्षं आधी, १९४५ च्या डिसेंबरात, नोबेलच्या भाषणात खुद्द फ्लेमिंगने बजावलं होतं की अर्धवट मात्रा घ्याल तर जंतूला शिकवून तयार कराल.

१९७२ साली मेक्सिकोत आणि आपल्या केरळात क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा टायफॉइड निघाला. १९९० च्या आसपास तर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमोक्साझोल तिन्ही एकदम निकामी. एकदम का? तर हे गुण जंतू एका गोल डीएनएच्या तुकड्यावर बाळगतात आणि शेजाऱ्याला आख्खा तुकडा देऊन टाकतात, दुसऱ्या जातीच्या जंतूलाही. जपानी शास्त्रज्ञांनी हे आवेच्या जंतूत १९५९ सालीच पकडलं होतं. आमच्या भाषेत, कॉपी-पेस्ट. आणि ही देवाणघेवाण करायला मोरीइतकी सोयीची जागा नाही: सगळ्या घरांचे जंतू आणि सगळ्या घरांतून मुतलेली औषधं एकत्र.

मग आलं सिप्रोफ्लॉक्सॅसिन. इथे मात्र मला साक्षीदार म्हणून उभं राहावं लागेल. नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत पोट बिघडलं की मी ऑफिसखालच्या मेडिकलमधून सिप्रो घ्यायचो. चिठ्ठी कुणी मागायचं नाही. तीन गोळ्या, बरं वाटलं की बंद, उरलेल्या ड्रॉवरमध्ये. आमच्या टीममध्ये सगळेच हे करायचे, रिलीजच्या आठवड्यात आजारी पडायला वेळ कुणाला? त्याआधी कामठीत लहानपणी प्रत्येक तापाला विडाल टेस्ट. विडालसाहेबाने ती १८९६ साली पॅरिसला काढली. आपल्यासारख्या देशात ती नको तेव्हाही पॉझिटिव्ह दाखवते, आणि पॉझिटिव्ह दिसलं की अँटिबायोटिक. माझ्या पिढीने असा किती न झालेला टायफॉइड बरा केला असेल! तर २००० नंतरच्या काही वर्षांत सिप्रो गेलं. लोकांनी क्लोरॅम्फेनिकॉल घेणं सोडलं होतं, तेव्हा जंतू ते हळूहळू विसरले. म्हणून काकांचं औषध माझ्या मुलीच्या कागदावर पुन्हा एस होऊन आलं. आणि २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणारा प्रकार पसरलाय. आम्हाला चौदा दिवस वाचवलं ते सेफ्ट्रियाक्सोनने, शिरेतून. सातव्या दिवशी ताप उतरला तेव्हा बायको पहिल्यांदा रडली.

नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली टायफॉइडची नवी लस एक लाखाहून जास्त मुलांना टोचली, देशात सरकारी पातळीवर पहिल्यांदा. आमच्या कन्येच्या लसीच्या कार्डावर ती ओळ कोरी आहे. तिथे ठेलेवाला कुठेच येत नाही, तिथे मी येतो.

जानेवारीत दोन दिवस एकटाच कामठीला गेलो. बाबांनी अर्ज लिहून ठेवला होता, सुवाच्य अक्षरात, पण दिला नव्हता. तो मी मागून घेतला. संध्याकाळी ठेल्यावर गेलो.

"काहून भाऊ, एकटेच? पोरगी नाही आणली?"

आजारी होती म्हटलं. कशाने ते सांगितलं नाही. पाणी कुठलं वापरता, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नळाचंच ना जी. पहाटे येते, ड्रम भरून ठेवतो. घरी प्यायला तेच, इथं तेच." मग त्याने आपणहून सांगितलं की दिवाळीनंतर त्याच्या धाकट्यालाही ताप होता, वीस दिवस. दवाखान्यात टायफॉइड म्हणाले. इंजेक्शन महाग, म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या.

"पूर्ण दिल्या का?"

"चार दिवस देल्या. ताप उतरला ना, मग बाकीच्या ठेवून देल्या. पुन्हा कोणाले लागल्या तर कामी येतील."

मी त्याला त्या गोळ्यांबद्दल जे सांगायला हवं ते सांगितलं, बराच वेळ. मुलाला पुन्हा दाखवून घ्या म्हटलं. गिऱ्हाईक आलं तशी त्याने मान डोलावली आणि हात पाण्यात घातला. अर्ज अजून माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे.